शिडाच्या होडीवरचा गिझर

गॅस गिझरवाल्याला फोन येतो तो गिऱ्हाईक अंगाला साबण लावून उभं राहिल्यावरच. बत्तीस वर्षं बारामतीत हेच काम केलं, त्यामुळं अनुभवानं सांगतो. "मारुतराव, मधीच गार पाणी आलं बघा, लगोलग या," असं पलीकडून कुणी कुडकुडत म्हणालं की मी म्हणायचो, "आधी आहे त्या पाण्यानं साबण काढा, कपडे घाला, चहा टाका. तोवर मी पोचतो." यातला चहा माझ्यासाठी असायचा.

गिझरमध्ये जादू काही नसते. नळ सोडला की पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्याला ढकलतो. पडदा गॅसची वाट मोकळी करतो, सेलवर ठिणगी पडते आणि तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून जाता जाता पाणी तापतं. नळ बंद केला की गॅस बंद. बहुतेक वेळा बिघाड म्हणजे सेल संपलेला, नाहीतर आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं नळी चोंदलेली. तरी लोकांना त्या डब्याचं भारी अप्रूप. माळेगावात कारखान्याच्या बॉयलरवर उभी हयात घालवलेले एक तात्या होते. त्यांनी नव्या गिझरला कान लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "समदं ठीक हाय, पण ह्याचा भोंगा कुठाय?"

कळंबच्या एका म्हातारीनं तर गिझर न्हाणीऐवजी गोठ्यात लावून घेतला. "माणसाला गार पाण्यानं काय हुतंय? व्यालेल्या म्हशीला कोमट पाणी लागतं," असं तिचं म्हणणं. मी हसलो होतो. पण मी बसवलेल्या गिझरांत तोच सगळ्यात नीट चालला, कारण गोठा चारी बाजूंनी उघडा. गॅसला जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि विषारी वायू सोडतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते आणि तो खाली बसतो.

हे मला माहीत होतं. तरीही जळोचीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, मी एका नव्या बंगल्याच्या बंद न्हाणीत गिझर लावला. बाहेर लावला तर भिंत वाईट दिसेल, असं मालकाचं म्हणणं. खिडकी होती, पण डासांसाठी तिला पक्की काच बसवलेली. मी एकदाच म्हणालो, "हवा लागंल." ते म्हणाले, "दाराखाली फट हाय की." मी ड्रिल सुरू केलं. त्या थंडीत त्यांची सून आत कोसळली. दारावर हात आपटल्याचा आवाज सासूनं ऐकला, म्हणून वेळेत दार फोडलं. पोर वाचली, पण पुढं कितीतरी महिने तिला माणसांची नावं आठवायची नाहीत. रस्त्यात दिसली की हसून विचारायची, "तुम्ही कोण हो?" मी कोण, हे मला तिला कधी सांगता आलं नाही. त्यानंतर बंद न्हाणीत मी एकही गिझर लावला नाही. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, ती जाऊ दिली.

हे सगळं मनात असतानाच काही वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, इंदापूर तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण खणखणीत.

"मारुतराव गिझरवाले का? जुना काढून नवा लावायचाय. नवा आणून ठेवलाय. पत्ता सांगते, पण शेवटी रस्ता न्हाय. काठावर थांबा, न्यायला येत्यात."

भिगवणच्या पुढं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला जाऊन थांबलो. लांब पाण्यात एक पांढरी होडी उभी होती. कोळ्यांची नव्हे, चांगली तीस फूट लांब, मधोमध उंच काठी आणि काठीला गुंडाळलेलं शीड. तिथून एक सत्तरीचे गृहस्थ छोट्या डोंगीतून वल्ही मारत आले. हे सर्जेराव आबा. जहाजाच्या इंजिनावर नोकरी करत करत वरच्या हुद्द्यावर गेले आणि निवृत्त झाल्यावर गोव्याकडून ही जुनी शिडाची होडी विकत घेऊन ट्रकवर घालून थेट इथं आणली. दिवाळीपासून पाणी हटेपर्यंत नवराबायको होडीवरच राहायची, नांगर दरसाल एकाच जागी टाकून.

मला पोहता येत नाही. डोंगीत बसल्यावर हत्यारांची पिशवी मी अशी छातीशी धरली, जशी काही तीच मला तारणार होती.

होडीवर अक्का उभ्या होत्या. फोन केलेल्या या बाईंना सगळा काठ अक्का म्हणायचा. मला वर घ्यायला त्यांनी हात पुढं केला आणि मग थबकून मनगट पुढं केलं. बोटं वाकडी होऊन आखडली होती. संधिवात. नंतर त्यांनीच सांगितलं, सकाळी बोटं उघडतच नाहीत. पाव तास ऊन पाण्यात धरली की सुटतात, मग दिवसभर दोऱ्या ओढा, सुकाणू धरा, काही अडत नाही. म्हणून गिझर पाहिजे. पुण्याच्या मुलानं सांगून टाकलं होतं की होडीवर धड ऊन पाणी मिळत नसेल तर आईला तो घेऊन जाणार. होडी मग ठेवून करायचं काय?

पायऱ्या उतरून खाली गेलो. खाली म्हणजे एक लांबट खोली. झोपायची जागा, ओटा, आणि कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी. न्हाणीत तो जुना गिझर टांगलेला. परदेशी, पांढऱ्या मुलाम्याचा, जागोजागी गंजलेला. मूळचा तो नुसत्या प्रोपेनवर चालणारा. आबांनी त्याला आपला घरगुती गॅस जोडला होता. दोन्हींत फरक असतो. प्रोपेनच्या तोटीतून आपला गॅस सोडला की ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. वर छताला हातभर काळा डाग होता. धूर बाहेर नेणारी नळी कधीच सडून गेली होती.

मी अक्कांना विचारलं, "सकाळी डोकं दुखतं का?"

"दुखतं की. वयच झालं आता."

"न्हाणीतनं बाहेर आल्यावर जास्त?"

अक्कांनी छतावरच्या डागाकडं बघितलं. "व्हय."

मी आबांना सांगितलं, "आबा, नवा गिझर हितं लावणार न्हाय मी. वर, उघड्यावर लावू."

आबा भडकले. "उघड्यावर? वाऱ्यानं विझंल त्यो! मी तीस वर्षं जहाजाची इंजिनं चालवली आणि तू मला गिझर शिकवतोस?"

"इंजिन तुमी शिकवा. पण हितं गिझर लावायला माझा हात उठणार न्हाय. दुसरा माणूस बघा."

अक्कांनी मध्येच तोडलं. "जुना तर काढायचाच हाय ना दोघांना? त्यो आधी काढा. भांडण काय, मागनं बी करता येतंय."

आबा नव्या नळ्या आणायचं निमित्त करून रागारागानं डोंगी घेऊन काठाकडं गेले. होडीवर मी आणि अक्का. भोवती पाणी.

आता माझी चूक सांगतो. घरात काम करताना मी सगळ्यात आधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवतो. इथं सिलिंडर होडीच्या मागच्या टोकाला, सामानाखालच्या पेटीत होता आणि माझं डोकं आबांच्या बोलण्यानं तापलेलं. मी फक्त गिझरजवळची चावी बंद केली आणि पान्हा लावला. गिझर गंजानं भिंतीला धरून बसला होता. जोर करून हिसडला. निघाला. पण त्या हिसड्यानं फळीमागची जुनी तांब्याची नळी चावीच्या अलीकडं, सिलिंडरच्या बाजूला, तडकली. ते मला दिसलं नाही. मी उभ्यानं काम करत होतो आणि त्या खोलीत डिझेलचा जुना वास आधीच भरलेला.

गिझर उचलून कडेला ठेवला. अक्का पायऱ्यांवरून खाली आल्या, निसटलेला एक स्क्रू उचलायला वाकल्या आणि तशाच वाकून थांबल्या.

"मारुतराव, हलू नका. पान्हा हातातनं पडू देऊ नका. हळू खाली ठेवा."

मी गुडघ्यावर बसलो, तेव्हा मला वास आला. फळ्यांच्या फटीतून नुसता भपकारा येत होता.

गॅस हवेपेक्षा जड. घरात तो जमिनीवर पसरतो, दार उघडलं की उंबऱ्यावरून वाहून जातो. म्हणून आम्ही सांगतो, वास आला की दारंखिडक्या उघडा. पण होडीला खाली दार कुठलं? होडी म्हणजे एक मोठं भांडं. त्यात गॅस पाण्यासारखा साठला होता.

आम्ही दोघं वर आलो. अक्कांनी सामान बाजूला सारून दोन्ही तळहातांनी सिलिंडर बंद केला. मी म्हणालो, "आता वर बसून राहू. जाईल हळूहळू."

"जाणार न्हाय. आणि तळात पंप हाय."

होडीत थोडं पाणी झिरपतंच, असं त्यांनी सांगितलं. तळातलं पाणी चढलं की तरंगणारी एक कळ वर उठते आणि विजेचा पंप आपोआप सुरू होतो. दोनतीन तासांतून एकदा. त्या वेळी एक ठिणगी पडली तरी पुरे.

"मग मेन बंद करा."

"त्यो थेट बॅटरीवर हाय. आमी झोपलो तरी चालावा म्हणून. आणि बॅटरीची वायर काढाय गेलं तरी ठिणगी पडंल. बॅटरी खालीच हाय."

"शेवटचा कधी चालला होता?"

"तुमी यायच्या आधी. बराच वेळ झाला."

उडी मारावी तर पोहता येत नाही. फोन करावा तर फोन खालीच, माझ्या पिशवीत, आणि त्याला हात लावायची सोय नाही. अक्कांनी मात्र एक प्लास्टिकचा मग आणि दोन प्लास्टिकच्या बादल्या पुढं ओढल्या.

"आधी पाणी उपसायचं, म्हंजी कळ उठणार न्हाय. मग गॅस."

"गॅस?"

"बादलीनं उपसायचा. पाण्यासारखाच."

मला वाटलं, बाई घाबरून काहीतरी बोलतेय. पण त्या पायऱ्या उतरायलाही लागल्या होत्या. आखडलेल्या बोटांनी बादलीची कडी धरता येईना, म्हणून त्यांनी ती मनगटात अडकवली होती. त्या दिवशी गिझर काढायचा म्हणून सकाळी पाणी तापवलंच नव्हतं. म्हणजे बोटं सुटलीच नव्हती. ते बघून माझी मलाच लाज वाटली. चूक माझी, आणि खाली ती म्हातारी उतरणार?

"अक्का, तुमी वर ऱ्हावा. मी उतरतो."

तळाची फळी अलगद उचलून बाजूला ठेवली. आधी मगानं पाणी काढलं, कळ पाण्याच्या वर मोकळी लोंबायला लागेपर्यंत. मग रिकामी बादली तळाला टेकवायची, हळू उचलायची आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या अक्कांच्या मनगटात अडकवायची. त्या ती कठड्याबाहेर पालथी करायच्या. बादलीत काही दिसत नाही, वजन लागत नाही. पण जणू काठोकाठ भरलीय अशी सांभाळून न्यायची.

"हिंदकळू देऊ नका," त्या सांगत होत्या. दर थोड्या वेळानं गाल वळवून वारा बघायच्या आणि वारा जिकडं जातोय त्याच बाजूला ओतायच्या. मला भोवळ आल्यासारखं वाटलं की न सांगता ओळखायच्या. "वर या. दहा श्वास घ्या. मग उतरा."

तेवढ्यात एक कोळी होडी घेऊन जवळ आला. जाळं काढून परत चालला होता. त्याला मजा वाटली.

"अक्का, पाणी तर दिसत न्हाय! काय उपसताय?"

त्याच्या तोंडात बिडी होती.

अक्कांचा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा ऐकला नाही. "बिडी पाण्यात टाक! पयली पाण्यात टाक आणि लांब हो!"

त्यानं बिडी टाकली. कारण विचारलं नाही. वल्ही मारत तो लांब गेला आणि तिथून दुसऱ्या होड्यांना हात करत राहिला, इकडं येऊ नका म्हणून. अक्कांचा शब्द त्या पाण्यावर तसा चालायचा.

किती बादल्या झाल्या कोण जाणे. मधेच अक्कांनी एक चादर काढली, छतातली पुढची झडप उघडून तिच्यावर दोन टोकं माझ्याकडून बांधून घेतली, दोन स्वतः दातांनी ओढून बांधली. वारा तिच्यात भरून खाली उतरायला लागला. वरून वारा, खालून बादल्या. वास हळूहळू कमी झाला, मग गेला. मी थांबलो. त्या म्हणाल्या, "अजून पन्नास." मी पन्नास मोजल्या. मग आम्ही दोघं वर येऊन कठड्याला टेकून बसलो. त्यांच्या मनगटावर बादलीच्या कडीचे लाल वळ उठले होते.

मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? जहाजावर ह्यांच्यासंगं जायची. हे दिवसभर इंजिनात. मला बोलाय माणूस न्हाय, वाचाय पुस्तक न्हाय. भिंतीवर सूचना लावलेल्या असत्यात. आग लागली तर काय, गॅस गळला तर काय. त्याच वाचायची. एक एक अक्षर लावून इंग्रजी तिथंच शिकले. खलाशी हसायचे. म्हणायचे, ह्या पाट्या वाचणारी तुमीच पयली."

आबा परत आले तेव्हा तळ मोकळा आणि कोरडा होता. मी काही लपवलं नाही. रेग्युलेटर काढला नाही, नळी तडकली, सगळं माझ्यामुळं झालं, असं उभ्या उभ्या सांगितलं. ते शिव्या देतील म्हणून मान खाली घातली होती. आबा खाली उतरले. ती तडकलेली नळी त्यांनी हातात घेऊन बघितली. ती बोटानं चुरली जात होती.

वर आल्यावर म्हणाले, "ही मी बदलायला पायजे हुती. दरसाल म्हणायचो, पुढच्या साली." मग अक्कांच्या मनगटाकडं बघितलं आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "वर कुठं लावायचा म्हणतोस?"

त्यानंतरचे तीन दिवस माझ्या कामाच्या आयुष्यातले फार चांगले दिवस. आबांनी पत्र्याचं असं एक खोपटं बनवलं, की हवा खालून आत जाईल पण वारा ज्योतीवर येणार नाही. गिझर त्यात, मागच्या बाजूला, उघड्या आभाळाखाली. सिलिंडरची पेटी आम्ही आतून सांधे बुजवून बंद केली आणि तिच्या तळाला भोक पाडून नळी थेट होडीबाहेर काढली. पुन्हा गॅस गळला तर तो पाण्यावर जाईल, होडीत नाही. पाण्याला दाब हवा म्हणून डाळिंबावरच्या फवारणीचा बॅटरीवरचा पंप लावला. ती कल्पना माझी. आबांनी पंप उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "जहाजावर असतास तर तुला मी सोडला नसता." एवढी मोठी शाबासकी मला बारामतीत कुणी दिली नव्हती. होडी चालत असताना, ती कललेली असताना, गिझर चालू करायचा नाही, एवढी एकच अट मी घातली.

चौथ्या दिवशी सकाळी नळ सोडला. ठिणगी पडली, निळी ज्योत धरली. पिवळं टोकसुद्धा नाही. अक्कांनी घमेल्यात पाणी घेतलं आणि हात बुडवले. आम्ही दोघं पुरुष उगाच दोऱ्या बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं पाण्यात एक बोट सरळ झालं, मग दुसरं.

मला काठावर सोडायला त्यांनी डोंगी काढू दिली नाही. "शीड लावून सोडते," म्हणाल्या. नांगर वर घेतला, आबांनी शीड चढवलं आणि अक्का सुकाणूवर बसल्या. वारा भरला तशी होडी कलली आणि निघाली. इंजिन नाही, आवाज नाही. मी छातीशी पिशवी धरायची विसरून गेलो होतो.

मी विचारलं, "अक्का, एवढं मोठं पाणी हाय. नांगर तुमी त्याच जागी का टाकता? तिथं तर काठ बी लांब पडतो."

आबांनी तोंड दुसरीकडं वळवलं. अक्कांनी मागं, होडी उभी असायची त्या जागेकडं बघितलं.

"धरण व्हायच्या आधी तिथं आमचं घर हुतं. मी लग्न होऊन आले तवा सासूबाईंनी पयलं काम सांगितलं ते परसातल्या दगडी चुलीवर समद्यांचं अंघोळीचं पाणी तापवायचं. चार वर्षं तापवलं. मग पाणीच घरात आलं." त्यांनी सुकाणू जरा दाबलं, होडी वाऱ्याला लागली. "चूल उन्हाळ्यात अजून दिसती, पाणी हटलं की. बरोबर तिच्याच वर थांबतो आमी."